आठचा आकडा

सव्वीस वर्षं मी वर्तमानपत्रात प्रुफं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलं. वर्तमानपत्र बंद पडलं आणि पन्नाशी उलटल्यावर मी रिक्षाच्या परवान्याच्या चाचणीला येऊन बसलो.

माझ्यापुढे एक बाई होत्या. पूर्वी टायपिंगचे क्लास घ्यायच्या, असं त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्यावरून रिक्षा नेताना त्यांचं चाक रेघेबाहेर गेलं. ही त्यांची तिसरी खेप.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात या," चाचणी घेणारे साहेब म्हणाले.

त्या उतरल्या, पदराने घाम पुसला आणि माझ्याशेजारी बसून नवा अर्ज भरू लागल्या.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते की. पण घरात बसलं की जास्त वाटते."

हल्ली मी यशस्वी माणसांच्या मुलाखती अधाशासारख्या वाचतो. 'मग मी नव्याने सुरुवात केली,' असं म्हणून ती माणसं पुढच्या गोष्टीकडे वळतात. त्या एका वाक्याच्या पोटात असे किती आठवडे गेले, ते कुणीच सांगत नाही. मला नेमकं तेवढंच हवं असतं.

माझं नाव पुकारलं. पहिल्याच वळणावर क्लच घाईने सुटला आणि रिक्षा बंद पडली.

परत आलो तेव्हा बाईंनी सरकून जागा केली आणि पेन पुढे केलं. मी अर्जावर नाव लिहिलं. वयाच्या रकान्यापाशी मात्र बराच वेळ थांबलो.