दुबईतला शुक्रवार आणि गप्प केलेल्या मावशी

शारजाच्या विमानतळावर रत्नमालामावशी घ्यायला आल्या होत्या. माझ्या आईची ही मैत्रीण दुबईत नर्स आहे, आणि तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत तेव्हा दर आठवड्याला उपदेश करायची. मी नगरहून येशूच्या संदेशाची पत्रकं आणली होती, रस्त्यावर वाटायला. टॅक्सीतच त्यांनी ती पाहिली.

"अगं बावळट, ही बाहेर काढलीस तर आपलं खलास (संपलं)! इथे बाहेर प्रचाराला बंदी, जे काय ते चर्चच्या कंपाउंडाच्या भिंतीच्या आत."

दुबईतल्या अल मनखूल भागातल्या घरी पत्रकं पलंगाखाली गेली आणि माझ्यापुढे तळलेली सुरमई आली.

तेव्हा तिथे रविवार कामाचा, म्हणून उपासना शुक्रवारी. एकाच कंपाउंडात मल्याळी, फिलिपिनो, अमेरिकन, सगळे आळीपाळीने. आपल्या मराठी लोकांना अमेरिकन मंडळी स्वतःचा छोटा हॉल द्यायची. अजमानहून, रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यातून पोरं पेटी-ढोलकी घेऊन येत, ती मावशींना ऐकायला.

पण त्या वर्षी अमेरिकनच फुटले होते. बाईने उपदेश करावा म्हणणारे जुने पाळक (पास्टर) अर्धी माणसं घेऊन एका हॉटेलात उपासना घेऊ लागले. उरलेल्यांनी नवे पाळक आणले. दोघंही स्वतःला इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला धरून चालणारे, म्हणवतात, आणि दोघंही सांगतात की ते दुसरे आता इव्हँजेलिकल राहिले नाहीत. भांडण त्यांचं, पण फटका कुणाला? मावशींना. नव्या पाळकांचा हुकूम: पुरुषाने उपदेश केला तरच हॉल मिळेल!

त्या शुक्रवारी मी नव्या पाळकांना हॉलच्या दारातच गाठून इंग्रजीत विचारलं. "येशूच्या पुनरुत्थानाची बातमी आधी कुणी सांगितली? बायकांनीच ना?"

माणूस सभ्य. शांतपणे म्हणाला, "बातमी देणं वेगळं, शिकवणं वेगळं."

"ताई, प्लीज, डोन्ट मेक अ सीन," मावशींची मुलगी माझी ओढणी ओढत होती.

शेवटी एसी दुरुस्त करणारे योहानकाका उपदेशाला उभे राहिले. मावशी पहिल्या खुर्चीवरून हळू आवाजात एकेक वाक्य सांगत आणि काका ते मोठ्याने म्हणत.

"काका, मधे तुम्ही कशाला? थेट कनेक्शन द्या की!" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला. दारात उभ्या पाळकांना मराठी कळत नव्हतं.

मावशी मात्र थांबल्या.

"पुढे, बाई?" काकांनी विचारलं.

"पुढचं तुझं तू बोल, योहान. देवाचं वचन मला चोरून सांगायचं नाही."

काकांनी प्रभूची प्रार्थना म्हटली आणि खाली बसले.

घरी जाताना मी म्हटलं, "मग त्या हॉटेलात चला ना. ते तर बोलावतायत."

"त्यांना मी हवी आहे ती ह्या नव्यांना दाखवून द्यायला. आणि माझी कारखान्यातली पोरं त्या हॉटेलच्या दारातून आत जातील का गं?"

नगरला परतल्यावरही माझा राग निवला नाही. आमच्या गावातही एकाच येशूच्या चर्चची वेगवेगळी दारं आहेत, आणि ती कोणत्या परदेशी भांडणातून झाली हे आज कुणालाच सांगता येत नाही. परवा मावशींना फोन केला. आता त्या फक्त लहान मुलांचा वर्ग घेतात.

"मुलगे पुरुषांत मोजण्याएवढे मोठे झाले की माझ्याकडून काढून घेतात," त्या म्हणाल्या. "तोवर बाईने शिकवलेलं चालतं."