आबांच्या वेशात

सुरतेच्या कडेला कोसाडच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दर रविवारी दुपारी रंगमंच सजायचा. रंगमंच म्हणजे योगिताचा लॅपटॉप आणि नट म्हणजे तिचे सासरे, सुकलाल आबा. आबा धुतलेला सदरा घालत, मिशीला पाण्याचा हात लावत आणि समोर मैदान भरून माणूस बसलंय अशा ऐटीत खुर्चीवर बसत.

"तिकडून कोणाला दिसता का तुम्ही? मग मिशी कशाला?" पलसाण्याच्या डाईंग मिलमधली पाळी करून आलेला वाल्मिक, योगिताचा नवरा, पडल्यापडल्या चिडवायचा.

"माले तं दिसस ना," आबा म्हणायचे.

खेळ असा होता. पडद्यावर एका किल्ल्याचा नकाशा आणि त्यावर ज्याची त्याची सोंगटी. फासेही तिथेच पडायचे. खेळ चालवणारा वैभव गोष्ट पुढे न्यायचा आणि बाकीचे आपापल्या पात्राचं बोलणं बाजूच्या चॅटमध्ये लिहायचे. सगळी सुरतेतलीच, कापडबाजारात नोकरी करणारी पोरं. मागे कोणीतरी दुसऱ्याच्या नावाने लिहून घोळ घातला होता. तेव्हापासून नियम झाला, की नावापुढे हिरवी खूण असेल तेच बोलणं खरं. ती खूण मिळायला ज्याची त्याची चावी लागे, म्हणजे गुप्त अक्षरांची एक ओळ.

आबांची बोटं सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, आयुष्य घालवून ताठरलेली, टाइप करणं जमेना. योगिता कडोदऱ्याला साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर बसवते. थोडं प्रोग्रामिंग ती घरीच शिकली होती. तिने एक छोटं टूल लिहिलं. आबांनी फोनमध्ये बोलायचं, बोलण्याची अक्षरं व्हायची आणि टूल आबांची चावी लावून ती एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या वाटेने, थेट खेळात पोचवायचं. हिरव्या खुणेसकट. पाठवण्याचं बटण तेवढं योगिताच्या हाती.

आबांनी तरुणपणी खानदेशातल्या एका तमाशाच्या फडात काम केलं होतं. खेळात ते किल्ल्याचे म्हातारे द्वारपाल झाले आणि पोरं त्यांच्यावर फिदा झाली. मयुरी तर जास्तच. तिचे आजोबा गेलेले, त्यामुळे खेळ संपला तरी ती आबांना चार शब्द लिहायचीच.

आता योगिताचं ऐका. आबा बोलत अहिराणी, म्हणजे 'मनं' म्हटलं की माझं, 'तुनं' म्हटलं की तुझं आणि 'शे' म्हटलं की आहे. पोरांना कळावं म्हणून ती ते मराठीत करून पाठवायची. मग एखादा शब्द आपला घालू लागली. मग अख्खं वाक्य. समोरून "वा आबा" आलं की तिचे कान गरम व्हायचे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती दरवर्षी पडद्याची दोरी धरून उभी असायची. टाळ्या तिने पडद्यामागूनच ऐकलेल्या.

आणि तो रविवार आला. आबा तापाने ग्लानीत झोपलेले. वैभवला कळवून टाकावं म्हणून योगिताने लॅपटॉप उघडला, तर खेळ रंगात होता. मयुरीची शिलेदार जखमी होऊन वेशीशी आलेली. मागे शत्रू. "आबा, दार उघडा," मयुरीने लिहिलं. सगळे थांबले.

योगिताला वाटलं, इथे नकार केवढा शोभेल. तिने लिहिलं, "सूर्य बुडाला की हे दार सख्ख्या लेकीलाही उघडत नाही." बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. वाहवा झाली, फासे पडले आणि शिलेदार दाराबाहेर मेली. मयुरी खेळातून निघून गेली.

चार दिवसांनी आबा उठून बसले.

"योगिता, मयुरी काबर बोलत नही व?"

"कामात असेल, आबा."

हे तिने दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आबांनी विचारलंच नाही. नुसता फोन हातात धरून बसले. 

शुक्रवारी काढा पिताना ते आपणहून जुन्या आठवणीत शिरले. त्यांची अहिराणी मराठीत आणायची तर अशी: "आमच्या फडात कोणी आजारी पडलं तर त्याच्या वेशात दुसरा उभा राहायचा. पण आधी फडमालक पुढे येऊन हात जोडायचा. म्हणायचा, मंडळी, आज पाटलाच्या वेशात रामदास आहे. चुकला तर रामदास चुकला, पाटील नाही. मगच ढोलकी." योगिता कप घेऊन मोरीकडे गेली आणि धुतलेलाच कप परत धूत राहिली.

रविवारी आबा मिशी नीट करून बसले. मयुरीचं नाव यादीत दिसत होतं, पण ती गप्प होती. योगिताने आबांची चावी बाजूला ठेवली आणि स्वतःच्या नावाने आत शिरली. खूण नाही, काही नाही.

"बाहेरचं कोण आलं हे?" खेळातल्याच रुपालीने लिहिलं.

योगिताने टाइप केलं आणि आबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचलंही. "मंडळी, मागच्या रविवारी आबांच्या वेशात मी होते. आबा तापात होते. दार मी बंद केलं. चुकले ती मी, आबा नाही."

वाल्मिक अंथरुणावर उठून बसला. 

"आन् माले सांगं नही," आबा हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "मनी चावी माले दे."

तिने टूलमधून चावी काढली, त्यांच्या फोनमध्ये घातली आणि फोन त्यांच्या हातात दिला.

वैभवने लिहिलं, मेलेलं पात्र नियमाने परत येत नाही. मग मयुरीची ओळ आली. "आबा, तुम्ही असता तर?"

आबांनी चष्मा चढवला. ताठरलेलं बोट एकेका अक्षरावर आपटू लागलं. चुकीचं उमटलं, पुसलं, पुन्हा शोधलं. तिकडे कोणी काही लिहीत नव्हतं, सगळे थांबलेले. सवयीने योगिताचा हात फोनकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि पदराखाली दाबून धरला.

केव्हातरी हिरव्या खुणेची ओळ वर सरकली. "ये माय, घर तुनंच शे."