सरड्याच्या दाराला बांधलेला धागा

आमच्या घरी सरडा पाळला होता असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, मेला कशानं? हसण्याचं काही वाटत नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी आजवर खोटंच उत्तर देत आले.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी आंधळगावात नवी सून. माहेर तुमसरचं, वडील राइस मिलमध्ये वजनकाट्यावर, त्यामुळे धान मी जन्मभर पाहिलं ते पोत्यातलं. सासरी कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, विणकाम. नवरा कापड घेऊन आठवडा आठवडा नागपूरकडे फिरायचा, म्हणजे घरात आम्ही तिघंच: सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायची, सासू, म्हणजे आत्याबाई, आणि मी. मामाजींचे डोळे अधू झाले होते. कोशाचा बारीक धागा दिसेनासा झाला तसा हा माणूस, चाळीस वर्षं माग चालवलेला, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. बोलणं बंद. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत.

मग शेजाऱ्यांनी अंगणातलं सीताफळाचं झाड तोडलं आणि त्याच्या फांदीवरून हा सरडा मामाजींच्या हाती लागला. रस्त्यावर पळणारा साधा सरडा नव्हे. एक पाय उचलून पुढं टाकावा की नाही याचा तास तास विचार करणारा, एक डोळा पुढं आणि एक मागं फिरवणारा, रंग बदलणारा. असा प्राणी घरात ठेवायचा नसतो, कायद्यानं मनाई आहे, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मामाजींनी जुन्या चरख्याच्या लाकडांना मच्छरदाणी ठोकून पिंजरा केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "सूनबाई, याले खायले काय द्यायचं वं?" चार महिन्यांनी मी त्यांचा आवाज ऐकला. मला रडू आलं.

पण त्या सरड्याचे नखरे काय सांगू. जावई परवडला. पहिले दोन दिवस हिरवे नाकतोडे खाल्ले, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. तपकिरी नाकतोडा दाखवला तर डोळासुद्धा वळवला नाही. माशा दिल्या, एक दिवस चालल्या. झुरळ दिलं, ते जिभेनं ओढलं आणि थुंकलं. उकळलेल्या कोशातल्या अळ्या आमच्याकडे ढिगानं, पण मेलेलं तो खायचाच नाही. एकदा फुटलेल्या कोशातून पाखरू निघालं, ते आत सोडलं, तर एवढं थोरलं पाखरू पाहून हाच पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन काळा पडला. मामाजी हसले. रोज ताटात काहीतरी वेगळं पाहिजे, हे आम्हाला कळलं, आणि मामाजींना दिसत नसल्यामुळे किडे पकडायचं काम माझ्याकडे आलं. नाकात दम आला माझ्या, तरी मी ते केलं. सरडा जगला तर मामाजी भिंतीकडे तोंड फिरवणार नाहीत, एवढं मला समजत होतं.

आत्याबाईंना तो डोळ्यासमोर नको होता. "घरात सरडा ठेवते का कोणी? रक्त ओढते तो नजरेनं," असं त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या. त्यांचं माहेर करडी गावचं. तिथं माग नव्हता, धानाची शेती होती. लग्न होऊन इकडे आल्यावर विणकाम शिकल्या, आणि तुटलेला धागा त्या अशा जोडायच्या की गाठ बोटाला लागायची नाही.

धान कमरेएवढं आलं तेव्हाची गोष्ट. गावाबाहेर मला एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, सापडली जिथं नाकतोडे नुसते हातानं वेचावेत असे बसले होते. एरवी एकेकामागं धावून धाप लागायची, आणि इथं उडायचं नावच नाही. पाव तासात बरणी भरली. मी घरी येऊन मामाजींपुढं फुशारकी मारली, कोपऱ्यात पळसाची फांदी खोचलेली बांधी आहे ना, तिथं खजिना आहे खजिना. आत्याबाई तिथंच सूत भरत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरड्यानं त्या दुपारी पाच नाकतोडे खाल्ले. मामाजी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी तो मलूल. दिवसा डोळे मिटून बसला, रंग काळपट, जीभ अर्धी बाहेर येऊन लोंबली. माझ्या मनात पाल चुकचुकली. काल आत्याबाईंनी तसं काहून पाहिलं? पिंजऱ्याखाली मला हळदीची चिमूट दिसली. झालं, माझी खात्रीच पटली. बाई काहीतरी करून राहिल्या. मी त्यांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहू लागले. त्या पाणी भरायला उठल्या तरी मी दाराशी. मामाजींनाही तोच संशय, कारण दुपारी त्यांनी हळूच विचारलं, "मी निजलो का ते जाते काय वं पिंजऱ्याकडे?" मी म्हटलं, "लक्ष ठेवतो मी, मामाजी."

मी पिंजऱ्याच्या दाराला कोशाचा एक सुटा धागा बांधला, दिसेल न दिसेल असा. दार उघडलं की तो तुटणार. संध्याकाळी पाहिलं तर धागा जागेवर. मला हायसं वाटणार एवढ्यात बोटानं चाचपला, आणि मधोमध बारीकशी गाठ लागली, खसखशीच्या दाण्याहून लहान. अशी गाठ आमच्या घरात एकच बाई घालायची. माझं डोकं सणकलं. दार उघडायचं, विष घालायचं, आणि वर धागा जोडून ठेवायचा, किती ती हुशारी.

त्याच दिवशी सकाळी बरणीत बरेच नाकतोडे मरून पडले होते. झाकणाला भोकं कमी पडली असतील असं समजून मी त्याच बांधीतून दुसरे आणले होते, त्यांतले चार पिंजऱ्यात सोडले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चार सोडले आणि झोपेचं सोंग घेऊन पडले. मामाजी घोरत होते. आत्याबाई आल्या, दार उघडलं, चारही नाकतोडे एकेक करून काढले आणि चुलीत टाकले. मग विणताना पाय सोडतात त्या मागाच्या खड्ड्यात उतरल्या, तिथून दोन रातकिडे ओंजळीत धरून आणले आणि सरड्याच्या तोंडाशी सोडले. सरड्यानं पाहिलंसुद्धा नाही. दार लावून त्यांनी तुटलेला धागा हाती घेतला तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

"काय करून राहिल्या तुम्ही?"

"हळू बोल. ते उठतीन." त्यांनी मला ओढत परसात नेलं. "औषध फवारलेल्या बांधीत पळसाची फांदी खोचतेत, बाई. कोणी तिथलं गवत बकरीले नेऊ नये म्हणून. तुले सांगितलं नाही कोणी?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमसरच्या मिलमध्ये पोत्यावर पळसाची फांदी कोण खोचतं.

"मंग तुम्ही मले काहून नाही सांगितलं?"

"त्यायच्या समोर सांगू? तू त तिथंच फुशारकी मारून राहिली होतीस. मागून सांगितलं असतं त तू रडत त्यायच्याचकडे गेली असतीस. मले वाटलं, बाकीचे काढून फेकतो, दुसरं काही चारतो, निघंन यातून."

"आणि हळद?"

"नजर लागली असंन त उतरंन म्हटलं." मग हातातल्या धाग्याकडे पाहून म्हणाल्या, "हा कायले बांधते वं तू? दोनदा तुटला मायाकडून. तुटलेला दिसला का हात राहत नाही, जोडला जाते."

मी लाजेनं मेले. त्यांना शेवटपर्यंत वाटलं, दार हलू नये म्हणूनच मी तो बांधला.

चौथ्या दिवशी सकाळी सरडा फांदीवरून खाली पडला होता. मामाजींनी त्याला तळहातावर घेतलं, कितीतरी वेळ अंगठ्यानं त्याची पाठ चाचपत राहिले. मग विचारलं, "काय चारलं त्याले?" मी तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. पण आत्याबाई मध्येच बोलल्या, "मीच चारलं. मले नको होता तो घरात."

मी परसात आत्याबाईंना गाठलं, रडत म्हटलं, मी सांगून टाकतो. त्या भांडी घासत होत्या. "तुले अजून चाळीस वर्सं काढायची हायेत इथं," त्या म्हणाल्या. "मायावर त त्यायचा शक होताच."

मी गप्प बसले. नवी होते, घाबरले होते, ही कारणं आता देऊन काय उपयोग.

मामाजी भिंतीकडे तोंड करून झोपले नाहीत. रागानं का होईना, ते बसून राहिले. पण त्या दिवसापासून आत्याबाईंच्या हातचं पाणीही त्यांनी घेतलं नाही, जाईपर्यंत, म्हणजे चांगली सहा वर्षं. आत्याबाई ताट घेऊन आल्या की ते हातानं बाजूला सारायचे आणि मला हाक मारायचे. "सूनबाईच्या हातचं दे मले," म्हणायचे, "तिच्यावर भरोसा हाये मायावाला." मी ताट पुढं करायची, आणि ते न पाहता घास तोंडात घालायचे.