होस्नियाच्या बुटक्या गाई

होस्निया मावशीच्या तोंडी लागू नये, हे आमच्या वाडीत लहान पोरालाही ठाऊक होतं. नवरा गेल्यापासून तिनं दोनच गोष्टी जिवापाड सांभाळल्या: तांबड्या, बुटक्या मदुरी गाई आणि भांडणं.

मदुरा बेटावरची आमची जमीन म्हणजे चुनखडीचा खडक आणि त्यावर वीतभर माती. पावसात मका होतो, मागून तंबाखू, आणि मग धूळ. त्या धुळीतही मावशीच्या गाईंचं अंग चकाकायचं. ती त्यांना तळ्यावर नेऊन घासायची, हळद-अंडं कालवून पाजायची, वैरण संपली की झाडपाल्यावर भागवायची. माणसांच्या वाट्याला तिचा गोड शब्द मात्र कधी आला नाही.

अंगण एक, घरं तीन. पश्चिमेचं मावशीचं, मधलं तिची धाकटी बहीण बुसिना हिचं, आणि टोकाचं माझं, आईमागे माझ्याकडे आलेलं. आमच्याकडे लेकी आईच्याच अंगणात राहतात, जावई तिथं नांदायला येतात. बुसिनाचा नवरा सादिरुन तसाच आलेला. खाडीपलीकडच्या सुराबाया शहरात भंगाराचा धंदा करून तो परतला तो दोन विलायती संकरित गाई घेऊनच. उंचीनं मावशीच्या गाईंच्या दीडपट, आणि खाणं तिप्पट.

"एम्बुक," थोरल्या मेव्हणीला तो आमच्या बोलीत 'ताई' म्हणून मोठ्यानं हाक मारायचा, अंगणभर ऐकू जाईल अशी, "ही गाय की शेळी? पाठीवर कोंबडी बसली तर वाकेल बिचारी."

"माझी गाय दगड चाटून जगते," मावशी म्हणायची. "तुझी धेंडं उद्या तुझं घर चाटून खातील. बायकोला आधी लपव."

असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी मावशी पलीकडच्या गावी बाळंतिणीला भेटायला गेली. तिची तरणी कालवड त्याच सकाळी माजावर आली होती आणि हंबरून गोठा डोक्यावर घेत होती. दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतल्या मदुरी वळूकडे तिला न्यायचं, असं मावशी मला सांगून गेली होती. दुपारी सादिरुन विलायती वळूचं बीज भरणाऱ्या इंजेक्शनवाल्याला घेऊन आला.

"एम्बुकनंच सांगितलंय," तो त्याला म्हणाला.

खोटं होतं ते. मी दारात मका सोलत बसले होते. सादिरुननं माझ्याकडे बघितलं, मी मक्याकडे. रोजची कटकट कोण ओढवून घेणार? मी पुढचं कणीस उचललं.

मावशी परतली तेव्हा कालवड शांत होती. वळू दाखवला, पण कालवडीनं जवळ येऊ दिलं नाही. पुढच्या माजाला ती हंबरलीच नाही. मावशी विचारात पडली, आणि सादिरुनला गप्प राहवेना. "विलायती वासरू येतंय, एम्बुक! नऊ महिन्यांनी माझे पाय धरशील."

मावशी ओरडेल म्हणून सगळे बाहेर आले. ती ओरडली नाही. माझ्याकडे वळली. "तू घरी होतीस ना?"

"होते."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याशी बोललीच नाही.

दिवस भरले. एका सकाळी कालवड अडली. दोन पाय बाहेर आलेले, माणसाच्या मनगटाएवढे जाड, आणि डोकं आतच. मावशीनं दार उघडून मला बोलावलं. "ये, ओढ. तोंड बंद ठेवायची तुला सवय आहेच."

शेजारच्या दोघी आल्या. आम्ही चौघी दोर बांधून ओढत होतो, कालवड जिभेनं माती चाटत होती. तेवढ्यात सादिरुन धावत आला. त्याच्या दंडात आम्हा चौघींचं बळ होतं. मावशीनं भिंतीवरचा विळा काढला.

"पाय आत टाकलास तर इथंच तोडीन."

"एम्बुक, मरेल ती!"

"मरू दे. तुझा हात लागून जगायला नको."

वासरू दुपारी निघालं, मेलेलं. कालवड पुन्हा उठली नाही. अकरा दिवस मावशीनं तिची कूस बदलली, पोत्यांचा टेकू दिला. बाराव्या दिवशी मौलवींना बोलावून सुरी फिरवावी लागली. मांस तिनं वाटून टाकलं, स्वतः घेतलं नाही. बुसिनाच्या दारी वाटा गेलाच नाही.

वाडीत लोक हळूच म्हणायचे, सादिरुनला ओढू दिलं असतं तर गाय वाचली असती. मलाही तेच वाटतं. मावशीसमोर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

दोन वर्षांनी पाऊस दगा देऊन गेला. सादिरुनच्या गाईंच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मक्याचा पाला ट्रकनं विकत आणणं झेपेना, आणि दोन्ही कसायाकडे गेल्या. मावशीच्या गाई वाळल्या खऱ्या, पण उभ्या होत्या. एकीला कालवडही झाली.

बुसिना दारात आली. "ही आम्हाला दे ना, एम्बुक. पुन्हा सुरुवात करू."

"मागायला त्याला पाठव."

सादिरुन आला, पायरीखाली उकिडवा बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "चूक झाली."

"कुणाची?"

"त्या इंजेक्शनवाल्याची. त्यानं नीट विचारायला हवं होतं."

मावशी उठली आणि हातातलं शेणाचं घमेलं त्याच्या मांडीवर रिकामं करून आत गेली.

ती कालवड तिनं पलीकडच्या गावी एका अनोळखी विधवेला दिली. सादिरुन सुराबायाला भंगाराकडे परत गेला, सणालाही येत नाही. बुसिना एकटी राहते. रोज सकाळी दोघी बहिणी एकाच वाटेनं वैरणीला जातात, मावशी पुढे, बुसिना वीस पावलं मागे. डोक्यावर भारा असला की कुणी कुणाकडे बघत नाही.