रस्ता न मावणारी लेन्स

माझ्या दादाने एकतीस वर्षं घाटातली बस चालवली. सकाळी जाताना एकदा आणि दुपारी परतताना एकदा, अशी ती मोठी दरी रोज दोनदा त्याच्या खिडकीला लागून गेली. पण त्याने ती कधी धड पाहिली नाही. प्रवासी माना वळवून "अहाहा" करायचे आणि दादाची नजर समोरच्या वळणावर. "मीही एकदा अहाहा केलं असतं," तो म्हणायचा, "तर सगळ्यांचंच अहाहा झालं असतं."

तो निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी बातमी आली, की बोगदा तयार झाला आहे आणि घाटरस्ता महिनाअखेर कायमचा बंद होणार. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मला कॅमेरा घ्यायचाय. रिळाचा."

"अहो, फोनमध्ये आहे की," वहिनी म्हणाली.

"फोनमध्ये माणूस आधी काढतो आणि मग बघतच नाही. रिळात छत्तीसच फोटो मिळणार म्हटलं की आधी बघावं लागतं."

जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणाऱ्या मिस्त्रींकडे मी त्याच्याबरोबर गेले. एवढंसं दुकान, काचेच्या कपाटात कॅमेरे ओळीने बसलेले आणि मिस्त्रींच्या कपाळावर कायमचं भिंग. त्यांनी दोन कॅमेरे पुढे ठेवले. पहिला वजनाला हलका, पण बॅटरी गेली की मुका. दुसरा जड, पण सगळं काम स्प्रिंगवर. बॅटरी लागायची ती फक्त उजेड मोजायला.

"म्हणजे धक्कास्टार्ट!" दादा खूश झाला. त्याने रीळ पुढे सरकवायचा खटका चार वेळा ओढून पाहिला, दर वेळी कान जवळ नेऊन. "गिअर बरोबर पडतोय," तो म्हणाला. कॅमेऱ्याचा प्रश्न मिटला.

लेन्सचा मिटेना. मिस्त्रींचं म्हणणं, झूम नकोच; एका मापाची लेन्स जास्त स्वच्छ दाखवते, आणि जवळ जायला पाय आहेतच.

"एकतीस वर्षं पाय ब्रेकवर होते हो."

"म्हणून तर म्हणतो, आता चालवा."

अठ्ठावीस, पन्नास आणि शंभर अशा तीन लेन्स होत्या. जितका आकडा लहान, तितका पसारा मोठा. दादाने अठ्ठावीसची घेतली. "सगळं मावलं पाहिजे. पुन्हा दिसायचं नाही."

रविवारी तो घाटात जाऊन आला. चार दिवसांनी फोटो धुऊन आले. मिस्त्रींनी ते काउंटरवर पसरले. छत्तीसही फोटोंत मधोमध रस्ता होता. कडेची पांढरी रेघ, वळणाची पाटी, एका ठिकाणी तर खड्डासुद्धा अगदी ठळक. दरी कुठे असली तर कोपऱ्यात.

"दादा, अरे दरी कुठाय?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "मी दरीच काढत होतो गं."

मिस्त्रींनी एक पुठ्ठा काढला. त्याला फिल्मच्या एका चौकटीएवढं भोक होतं आणि तीन गाठींचा दोरा बांधलेला होता, एकेका लेन्ससाठी एकेक गाठ. गाठ डोळ्याच्या कडेला धरायची, दोरा ताणायचा आणि भोकातून बघायचं. त्या गाठीची लेन्स जेवढं दाखवेल तेवढंच दिसतं. "आठवडाभर हा घेऊन गच्चीवर जा," ते म्हणाले.

दादा गेला. "शेजारी म्हणतील, आमचं घर मोजताय," वहिनी कुरकुरली. पण सातही दिवस तेच झालं. अठ्ठावीसची, सगळ्यात जवळची गाठ धरली की त्याचा डोळा घरं, झाडं, आकाश सोडून खालची गल्ली पकडायचा.

त्याने हे सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुमचा डोळा रस्ता सोडणार नाही. सवय कशाला मोडताय? रस्ता मावणारच नाही अशी लेन्स घ्या." आणि शंभरची लावून दिली.

"एवढ्याशा भोकातून दरी दिसणार किती?"

"थोडीच. पण दरीच."

रस्ता बंद व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. सगळ्यात अवघड वळणावर दादाने कॅमेरा कठड्यावर टेकवला आणि फोकस जुळवायला लेन्सचं कडं हळूहळू फिरवू लागला. खूप वेळ झाला, तरी बटण दाबेना.

"अहो, काढा की," वहिनी म्हणाली.

"थांब. तिथे घर आहे."

आम्हाला नुसत्या डोळ्यांनी समोरच्या उतारावर पांढरा ठिपका दिसत होता. आम्ही आळीपाळीने कॅमेऱ्यातून पाहिलं. पत्र्याचं छप्पर, अंगणात दोरीवर कपडे, आणि एक बाई पाठमोरी बसून काहीतरी निवडत होती. दादाने पाच फोटो काढले आणि कॅमेरा पिशवीत ठेवला. एकतीस फोटो शिल्लक होते. मी म्हटलं, उद्यापासून कुणी इथे यायचं नाही, संपव की. तो "पुरे" म्हणाला.

त्यातला एक फोटो आता दादा-वहिनीच्या बाहेरच्या खोलीत आहे. आलेला माणूस जरा गोंधळतो; घाटाचा फोटो म्हणून सांगावं आणि हे काय? परवा कुणीतरी विचारलंच, "कोण राहतं तिथे? ओळखीचे का?"

"छे, नाव माहीत नाही," दादा म्हणाला. "पण एकतीस वर्षं रोज दोनदा त्यांच्या दारासमोरून गेलोय मी."