सोल-हीचा पडलेला दात

बेवारशी पोर आलं की अनाथालय सांभाळणारी ताक गुम-न्यो त्याला तिथल्या दाराच्या चौकटीशी उभं करायची आणि उंची बघून वहीत वय लिहायची. जन्मतारीख कुठल्याच पोराच्या खिशात नसायची. चौकटीवरच्या खुणा मात्र बऱ्या दिवसांतल्या, पोटभर जेवणाऱ्या मुलांच्या होत्या. म्हणून उपासमारीनं खुरटलेली पोरंही कागदावर वयाला शोभेल एवढीच दिसत.

स्टेशनवर सापडलेली सोल-ही अशीच चार वर्षांची ठरली. एका सकाळी मक्याची पेज पिताना तिने खालचा पुढचा दात तळहातावर काढून ठेवला.

गुम-न्योने दात उचलून पाहिला. चौथ्या वर्षी कुणाचे दात पडतात? पोरगी चांगली सात वर्षांची होती. अशा किती जणांची वर्षं आपण खाल्ली? तिला स्वतःचाच राग आला.

पण खरं बोलायची सोय नव्हती. परदेशातून येणारी दुधाची पूड पाच वर्षांखालच्यांसाठी. त्याहून मोठ्यांना डोंगरापलीकडच्या शाळेत धाडत, आणि तिथल्या पेजेत मका शोधावा लागे. हिवाळ्यात तिकडे गेलेल्या चौघांपैकी दोघंच उरले होते.

"आई, काचीला देऊ या ना!" सोल-हीने हट्ट धरला; सगळी पोरं गुम-न्योला आईच म्हणत. काची म्हणजे छपरावर कलकलणारा काळापांढरा पक्षी. गुम-न्योने दात कौलांवर भिरकावला. "काची, काची, जुना दात ने, नवा दात दे!"

दुसऱ्याच दिवशी पोरांना तपासायला परदेशी डॉक्टरीण यायची होती.

"हसायचं नाही. तोंडाला कुलूप!"

"मग गाणं?"

"ओठ मिटून म्हण."

"डासासारखं होईल, आई."

डॉक्टरणीने सोल-हीच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळली. पट्टी उपासमार दाखवणाऱ्या लाल खुणेवरच थांबली. मग तिने तीच पट्टी स्वतःच्या नाकाला बांधली आणि सोल-ही खुदकन हसली.

"दात कुठं गेला विचारतायत," दुभाषा ह्योन म्हणाला.

"अंगणात पडली," गुम-न्यो घाईने म्हणाली.

"नाही काही! काचीनं नेला. आईनंच छपरावर टाकला!"

ह्योनचेही दात कधीकाळी कुठल्याशा छपरावर गेलेच होते. ते कितव्या वर्षी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने सोल-हीच्या दंडाकडे पाहिलं, आणि डॉक्टरणीला एकच वाक्य सांगितलं. तिने मान हलवून काहीतरी लिहिलं.

जाताना गुम-न्योने दाराशी त्याला गाठलं. "काय सांगितलंत?"

"पडली म्हणून." त्याने वर पाहिलं नाही. "पण कॉम्रेड, नवा दात आला की मला तसं म्हणता यायचं नाही."

महिनाभर दूध मिळालं. मग शेजारचा दात पडला. गुम-न्यो अंगणात गेली.

"काची, काची, जुना दात ने. नवा आणायची घाई करू नकोस."

"चुकलं! असं नसतं म्हणायचं, आई!" सोल-ही खिदळली.

"ठाऊक आहे गं बाई मला," म्हणत गुम-न्योने दुधाची वाटी तिच्या ओठांना लावली. पहिल्या दाताच्या जागी हिरडीतून नव्या दाताची पांढरी धार वर आली होती.