लिव्हरचा आकडा आणि हुलग्याचं माडगं

"पॉझिटिव्ह आहात," डॉक्टर दारातूनच म्हणाले. आरटीपीसीआर, म्हणजे नाका-घशातला विषाणू शोधायची तपासणी, तिचा निकाल आला होता. दुबईला लेकीचं बाळंतपण उरकून आले ती खोकला घेऊनच. पेढे वाटायचे राहिले, गावात रोग तर नाही ना वाटला?

कोल्हापूरच्या त्या इस्पितळात मला वेगळ्या खोलीत ठेवलं. दाराला बाहेरून कडी. खिडकी उघडत नसे, काचेतून पलीकडची पाण्याची टाकी तेवढी दिसे. हातकणंगल्यात दिवसभर अंगण ते गोठा करणारी मी तिथं खाटेभोवती फिरायची. चिडून नर्सबाईंवर ओरडायची, मग एकटीच रडायची. तोंडाची चव गेली होती. घरून थर्मासमधून हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं यायचं, आजारी माणसाला आमच्यात तेच देतात. ते नुसतं गिळायचं.

छातीचा फोटो बिघडला, ऑक्सिजन लागला. मग सलाइनमधून अँटिव्हायरल, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारं औषध, सुरू झालं. औषध लिव्हरला बाधत नाही ना, हे एसजीपीटी नावाच्या तपासणीत कळतं. त्यासाठी रोज रक्त काढायचे. माझा आकडा चढतच चालला.

"असाच चढला तर औषध थांबवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "काढा वगैरे घेताय का?"

"देवाशपथ न्हाय हो!"

"घरीही विचारून बघा."

ज्या औषधावर सगळी भिस्त तेच काढून घेणार. आता इथून माझं मढंच बाहेर पडणार, नातवाला पुन्हा बघायला मिळत नाही, असं मनानं घेतलं. तणतणतच घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"व्हय की!" त्या म्हणाल्या. "माडग्यात रोज मूठभर गुळवेल उकळून घालतोय. कडू लागंल म्हणून गूळ वाढीव टाकलाय."

मला कडूही कळलं नव्हतं अन् गोडही.

हे सांगितलं तरी डॉक्टर चिडले नाहीत. "गुळवेलीनं काहींच्या लिव्हरला सूज येते. तिच्यामुळंच झालंय असं आत्ता सांगता येत नाही, पण ती आजपासून बंद. उद्याचा रिपोर्ट बघून ठरवू."

तो दिवस सरता सरेना. दुसऱ्या दिवशी आकडा जागीच थांबला, मग उतरू लागला. औषध पुरं झालं. त्या डॉक्टरांचे अन् माझी बोलणी खाल्लेल्या नर्सबाईंचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्यावर ही पाळी आली तर डॉक्टरांपासून काही लपवू नका, आणि घरचे डब्यात काय घालतात तेही विचारा. मायेनं घातलेलंही बाधतं.

कडी निघाली, घरी आले. सासूबाईंना चार शब्द सुनवायचे ठरवून आले होते. त्या हात मागं बांधून दारात उभ्या होत्या.

"न्हाय शिवत तुला," त्या म्हणाल्या. "ह्या हातानं घात झाला असता की गं."

इतक्या दिवसांत हातमोज्याशिवाय कुणाचा हात माझ्या अंगाला लागला नव्हता. मी त्यांचा हात ओढून घेतला आणि गालाला लावला.